‘पहिलीच होडी, पहिलाच दगा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचं सगळं वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मासेमारीसाठी आमच्याकडून वापरलेली फायबरची होडी घेतली, तिसऱ्याच फेरीला इंजिन तापून बंद पडलं, दुसऱ्याच्या होडीला दोर बांधून परत यावं लागलं. गिअरचं तेल दुधासारखं निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं होतं, डेक (होडीतली उभं राहायची फळी) एका जागी दबतो, इंजिन खलास आहे, आणि हे सगळं माहीत असून आम्ही लपवलं.

उत्तराला उशीर झाला, कारण होडी परत आणून, उघडून बघितल्याशिवाय मला तोंड उघडायचं नव्हतं. आता बघितली आहे.

गिअरच्या तेलापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. होडी बघायला आलात तेव्हा खालचा स्क्रू सैल करून तेल दाखवा, असं तुम्ही म्हणालात. पहिल्यांदा होडी घेणारे बहुतेक लोक रंग, खुर्च्या आणि गळाच्या काठ्या ठेवायच्या जागा बघतात. तुम्ही अभ्यास करून आला होतात. बोटावर घेतलेला थेंब स्वच्छ निघाला आणि तुम्ही समाधानाने मान हलवलीत. त्या क्षणी मी एवढंच सांगायला हवं होतं की हे तेल चारच दिवसांपूर्वी बदललंय. सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, गळत असला तरी नव्या तेलात पाणी दिसायला इंजिन काही वेळ पाण्यात चालावं लागतं. म्हणजे तुम्ही तपासलंत ते बरोबरच, पण पाटी मी आधीच पुसून ठेवली होती. फसवायला नव्हे. होडी आली की तेल बदलायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. पण जुनं तेल कसं निघालं हे आमच्या पोराने न बघता डब्यात ओतून टाकलं, आणि मीही विचारलं नाही. खरं तर होडीची सगळी कुंडली त्या जुन्या तेलातच होती.

पंखा काढल्यावर कारण सापडलं. पंख्याच्या मागे शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला गेला होता, इतका घट्ट की वितळून एकजीव झालेला. असा तंगूस सीलच्या ओठात घुसतो आणि सील कापतो, मग तेल बाहेर आणि पाणी आत. हा तुमच्याच तीन फेऱ्यांतला असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण त्यावर सुकून कडक झालेल्या ग्रीसचा थर होता, आणि तीन फेऱ्यांत ग्रीसचं असं होत नाही. तंगूस आधीच्या मालकाच्या काळातला, म्हणजेच माझ्या गळ्यातला. शाफ्टचे सील नवे टाकलेत. गिअरपेटीत हवा भरून दाब टिकतो का बघितलं, टिकतो. दात आणि बेअरिंग गंजलेले नाहीत. या कामाचा एक पैसाही तुमच्याकडून घेणार नाही.

इंजिन तापलं त्याचं मात्र एवढं सरळ नाही. समुद्राचं असो वा नदीचं, बाहेरचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात एक रबरी इम्पेलर असतो. तुमच्या इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी तीन तुटलेली होती, उरलेल्यांची टोकं भाजून काचेसारखी चकचकीत झालेली. इंजिन कोरडं चालवल्याची ही खूण आहे. फोनवर तुम्हीच सांगितलंत की घरी आवाज ऐकवायला ‘दोनच मिनिटं’ चालू केलं होतं, पाणी न जोडता. त्या पंपाला पाणी हेच वंगण. ते नसेल तर मिनिटभरातही रबर जळू शकतं. तुटलेले तुकडे पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात. दोन थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या, अलीकडे मिळाले, तिसरा शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

पण हे लिहून मी हात झटकणार नाही. ९ वर्षांचं इंजिन आणि मीटरवर जेमतेम १८० तास, हे मीच तुम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यातली बरीच वर्षं होडी ताडपत्रीखाली उभी होती. उभ्या इंजिनात इम्पेलरची पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, नळ्या आतून तडकतात. नियमित चालवलेलं आणि वेळेवर निगा राखलेलं ६०० तासांचं इंजिन मी स्वतःसाठी आधी उचललं असतं. कमी तासांचा मोह तुम्हाला मी घातला आणि इम्पेलर न बदलता होडी दिली. त्यामुळे इम्पेलर आणि थर्मोस्टॅट माझ्या खर्चाने, साफसफाईची मजुरी तुमची. हे तुम्हाला पटलं नाही तर बसून बोलू.

आणखी एक, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की इंजिन ‘उगाच पीं पीं करत होतं’. ते उगाच नव्हतं, इंजिन तापल्याचा तो इशारा होता. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली किंवा तो आवाज आला की लगेच इंजिन बंद करायचं. ताबा देताना ही धार मी हात लावून दाखवली नाही. नव्या माणसाला ती दाखवायलाच हवी.

तरीही इंजिन खलास नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलं, सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांच्यात १० टक्क्यांहून कमी फरक आहे. सिलिंडरचा दाब आत धरून ठेवणारं गॅस्केट उडालं असतं तर एखाद-दुसऱ्या सिलिंडरने लगेच मान टाकली असती. आकड्यांचा कागद तुमच्या हातात देतो, बाहेरच्या कुणाकडूनही पुन्हा तपासून घ्या. माझ्या ओळखीचा मेकॅनिक नको, तुमच्या पसंतीचा आणा.

डेकचं मात्र मी मान्य करणार नाही. डाव्या खुर्चीपाशी डेक दबतो हे मी स्वतः टाच मारून दाखवलं होतं. खुर्चीचे स्क्रू सील न करता बसवलेले, त्या भोकांतून पाणी फायबरखालच्या प्लायवूडमध्ये गेलंय. बिलावर तसं लिहिलंय, खाली तुमची सही आहे, आणि त्यापायी रक्कम कमी केली होती. ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची भिंत, आपण दोघांनी मिळून ठोकून बघितली होती. ती टणटणीत वाजली आणि आजही तशीच वाजते. तिथे भद्द आवाज आला असता तर ही होडी मी विकायलाच ठेवली नसती. अभिप्रायातली डेकची ती एक ओळ तेवढी दुरुस्त करा. तारा एकच ठेवलात तरी तक्रार नाही.

शनिवारी सकाळी या. तुम्ही येईपर्यंत इंजिनाला कुणी हात लावणार नाही. ते थंड आहे हे आधी स्वतः हात ठेवून बघा आणि चावी तुम्हीच फिरवा. गरम इंजिन कसंही सुरू होतं. मागच्या वेळी १० मिनिटांत चक्कर आटोपली होती, या वेळी तासभर चालवू, मग परत येऊन तेल काढून बघू. पाणी आत घेण्याच्या जाळ्यांवर बसवून नळाचं पाणी जोडायचे रबरी कप मी देतो, म्हणजे घरी शेजाऱ्यांना आवाज बिनधास्त ऐकवता येईल. नळी मात्र तुमची आणा, आमची फुटली आहे.