वॉशिंग्टनमधल्या ‘हरकती व सूचना’

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर सध्या एकच प्रश्न फिरतोय: एच-४ वाल्यांचं, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांचं, वर्क परमिट जाणार का? कुणी वकिलाचा व्हिडिओ टाकतं, कुणी एखाद्या सेनेटरचं भाषण, आणि मग रात्री उशिरापर्यंत नुसती घबराट. अमेरिकेत धोरण नक्की कुठे ठरतं, हे आपल्यातल्या खूप शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

काँग्रेस, म्हणजे सेनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून इथली संसद, कायदा करते आणि राष्ट्राध्यक्ष सही करतात, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण काँग्रेसचा कायदा म्हणजे बहुतेक वेळा चौकट असते. अर्ज कोण करू शकतो, मुदत किती, फी किती, कोणती कागदपत्रं लागतात, हे ठरवतात सरकारी खाती. काँग्रेस वर्षाला फार तर काहीशे कायदे करते; खात्यांचे नियम मात्र हजारांत असतात. आपल्या व्हिसाचं, औषधांचं, विमानप्रवासाचं, प्यायच्या पाण्याचं रोजचं वास्तव या नियमांनी ठरतं.

हे नियम करायची रीत १९४६ च्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्ट’ने घालून दिली. खात्याने आधी मसुदा ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात छापायचा, लोकांना म्हणणं मांडायला वेळ द्यायचा, आलेलं सगळं विचारात घ्यायचं आणि मग अंतिम नियम कारणांसह छापायचा. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा निघाला की पेपरात ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी जाहिरात येते, तसंच हे. पण इथे खात्याला प्रत्येक महत्त्वाच्या हरकतीला अंतिम नियमातच लेखी उत्तर द्यावं लागतं. उत्तर टाळलं किंवा ते मनमानी वाटलं, तर कोर्ट तो नियम रद्द करू शकतं. मोठे नियम त्याआधी व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या ‘ओआयआरए’ या कार्यालयातून जातात. १९८१ च्या रेगन यांच्या आदेशापासून तिथे खर्च किती, फायदा किती, याचा हिशेब तपासला जातो.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हरकत लिहायला नागरिक असावं लागत नाही. फी नाही, वकील नको. मतदानाचा हक्क नसलेल्या माणसाचंही म्हणणं सरकारला वाचावं लागतं. व्हिसावर राहणाऱ्यांसाठी याहून मोठं दार या देशात मला तरी दिसलेलं नाही.

एच-४ च्या परमिटचा इतिहास बघा. २०१२ च्या जानेवारीत ओबामा सरकारने जाहीर केलं की ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या एच-१बी धारकांच्या काही जोडीदारांना काम करू द्यायचा विचार आहे. २०१३ मध्ये सेनेटने इमिग्रेशनचं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, त्यातही ही तरतूद होती. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. मग व्हिसाचं काम बघणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याने आपल्या अधिकारात मसुदा काढला, १२ मे २०१४ ला. ६० दिवसांची मुदत दिली.

मी तेव्हा न्यू जर्सीत होते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेली, पदवी कपाटात, स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा नाही, कारण कामाची परवानगी नसेल तर तो मिळत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये इंजिनियर, डॉक्टर, सीए झालेल्या बायका दुपारी मुलांना घेऊन बागेत बसायच्या. कुणाला लिहायला सांगितलं की उत्तर यायचं, ‘आपलं कोण ऐकतंय?’ मी लिहिलं. कुणाचाही मजकूर न चिकटवता, मी काय काम करत होते, घरी बसून काय गमावतेय, कामाला लागले तर किती कर भरेन, एवढंच.

जवळपास १३,००० सूचना आल्या आणि त्यातल्या सुमारे ९३ टक्के बाजूने होत्या. अंतिम नियम २५ फेब्रुवारी २०१५ ला छापून आला, तो मी अक्षरशः ओळ न ओळ वाचला. एकटेपणाबद्दल, नैराश्याबद्दल, वाया जाणाऱ्या शिक्षणाबद्दल बायकांनी जे लिहिलं होतं त्याची दखल त्यात होती. अमेरिकन कामगारांच्या नोकऱ्या जातील, या हरकतीलाही उत्तर होतं: पहिल्या वर्षी पात्र ठरणारे लोक जास्तीत जास्त १,७९,६०० आणि पुढे वर्षाला ५५,००० च्या आसपास, म्हणजे देशाच्या एकूण कामगारांच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. सगळ्याच एच-४ धारकांना परवानगी द्या, अशीही मागणी अनेकांनी केली होती. ती का मान्य केली नाही, तेही लिहिलेलं होतं. नकार सकारण मिळाला की माणसाचा मान राहतो, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. २६ मेपासून अर्ज घ्यायला सुरुवात झाली.

विरोधकांबद्दलही मी आदरानेच लिहीन. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीत आयटीचं काम करणाऱ्या आणि आपल्या जागी एच-१बीवाले आणले गेले असं म्हणणाऱ्या लोकांच्या ‘सेव्ह जॉब्ज यूएसए’ या गटाने एप्रिल २०१५ मध्येच दावा लावला. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांचा मुद्दा होता की खात्याला असा अधिकार मुळात आहे का. हा खटला दहा वर्षं चालला. २०२४ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने खात्यांच्या कायदेशीर अर्थाला झुकतं माप देणारा १९८४ चा ‘शेव्हरॉन’ सिद्धांत मोडीत काढला तेव्हा मला धडकी भरली होती. तरीही ऑगस्टमध्ये डीसीच्या अपील कोर्टाने नियम उचलून धरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

मधल्या काळातली हकीकत जास्त महत्त्वाची आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१७ च्या शेवटी, हा नियम रद्द करण्याचा इरादा सरकारी नियमसूचीत जाहीर झाला. मसुदा फेब्रुवारी २०१९ मध्ये ओआयआरएकडे गेला. त्यानंतर तो फेडरल रजिस्टरमध्ये छापून आलाच नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने मागे घेतला. राष्ट्राध्यक्षांच्या सरकारला नको असलेला नियम चार वर्षांत निघाला नाही, कारण नियम काढायचा तरी तोच रस्ता: मसुदा, हरकती, हिशेब, कारणं. लोक या पद्धतीला कंटाळवाणी म्हणतात, लाल फीत म्हणतात. त्या चार वर्षांत असंख्य घरांतला दुसरा पगार या लाल फितीने वाचवला.

पण याच काळात फटका बसला तो दुसरीकडून. मार्च २०१९ मध्ये एच-४ वाढवायच्या अर्जासाठी बोटांचे ठसे सक्तीचे केले गेले. नियमावर भाषणं चालली होती, चर्चा झडत होत्या. इकडे एका फॉर्मची नवी आवृत्ती आली आणि अर्ज महिनोन् महिने रखडले. कितीतरी जणींच्या नोकऱ्या परमिट वेळेत न आल्यामुळे सुटल्या. २०२१ मध्ये ती सक्ती थांबवली, पण गेलेली नोकरी काही परत येत नाही.

आता ३० ऑक्टोबर २०२५ चं उदाहरण घ्या. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर जुनं परमिट ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालू राहायचं. ही सवलत खात्याने त्या दिवसापासूनच्या नव्या अर्जांसाठी बंद केली, आणि एच-४ ही त्यात आलं. तेही ‘इंटरिम फायनल रूल’ काढून, म्हणजे नियम आधी लागू, हरकती नंतर. त्याच्या आधीच्या महिन्यात एच-१बीच्या एक लाख डॉलरच्या शुल्काचा जाहीरनामा आला होता. १९ सप्टेंबरला सही, २१ ला अंमल. हे फक्त नव्या अर्जांना आहे असा खुलासा येईपर्यंत लोक विमानातून उतरत होते, लग्नं सोडून परतत होते.

माझा विरोध आहे तो या घाईला. सरकारला धोरण बदलायचा अधिकार आहे, निवडून आलेलं सरकार आहे. पण ज्याचं आयुष्य बदलणार त्याला आधी विचारा. ‘योग्य कारण’ असेल तर हरकतींची पायरी वगळता येते, असं कायद्यात आहे, पण ते आणीबाणीसाठी आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एच-१बीच्या किमान पगाराचा नियम असाच, करोनाचं कारण देऊन, आधी न विचारता लागू केला होता. कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने १ डिसेंबरला तो रद्द केला, आणि आक्षेप नेमका हाच होता की पायरी वगळण्याइतकं कारण खात्याने दाखवलेलं नाही. आणि ही सवय फक्त एका पक्षाची नाही. ५४० दिवसांची ती मुदतवाढसुद्धा २०२२ मध्ये बायडन सरकारने आधी तात्पुरत्या नियमानेच, लगोलग लागू केली होती. आपल्या फायद्याची होती म्हणून तेव्हा आपण कुणी बोललो नाही.

आणि काँग्रेस? मूळ दुखणं तिथेच आहे. कोणत्याही एका देशाला ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळू नयेत, ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. यातून वाढलेली भारतीयांची रांग कोणतंही खातं नियम काढून संपवू शकत नाही. प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये ही मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सेनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये आपली वेगळी आवृत्ती एकमताने संमत केली. दोन्हींचा मेळ घालायच्या आत त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदतच संपली आणि विधेयकं बाद झाली. इतक्या जवळ येऊन. मला याचा राग अजून आहे.

म्हणून विनंती. ज्यांनी नागरिकत्व घेतलंय त्यांनी आपल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करून या सात टक्क्यांबद्दल विचारा. तिथे मतदाराच्या फोनची नोंद होते. जे व्हिसावर आहेत त्यांनी ‘रेग्युलेशन्स डॉट गव्ह’ या हरकती नोंदवायच्या सरकारी साइटवर लक्ष ठेवा. नवा मसुदा आला तर ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका. एकसारखी हजार पत्रं खातं एकाच मुद्द्यात गुंडाळतं. तुमचं काम, तुमचा कर, तुमच्या मुलांची शाळा, नियमातलं कोणतं कलम कुठे चुकतंय, हे लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. कुणाला मसुदा वाचून समजावून हवा असेल तर मला मेसेज करा, शनिवारी-रविवारी मी वेळ काढेन.