बिनतारेचं दावं

अभिनंदन! घरात चार माणसं, पाच मोबाइल, आणि तरीही तुम्ही लँडलाइनसाठी कॉर्डलेस आणलात. लँडलाइनवर आता फोन करतं कोण, असले क्षुद्र प्रश्न मनात आणू नका. सांगलीची मावशी करते, विमेवाले करतात, आणि स्वतःचा मोबाइल सापडेनासा झाला की तुम्ही करता.

आधी तो बसवू. खोकं उघडलं की बिनतारी फोनच्या दोन वायरी हाताला लागतील. एक भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीत जाते, दुसरी अडॅप्टरची. जुन्या फोनची ती गुंडाळी वायर तेवढी गेली, बाकी वाढलंच. शिवाय टेलिफोनच्या डबीजवळ विजेचा प्लग पॉइंट देणं कुठल्याच बिल्डरच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड आणा, त्याची वायर सतरंजीखालून फिरवा आणि टीव्हीशेजारच्या एकुलत्या एक रिकाम्या भोकात खुपसा. झाल्या तीन तारा. आता फोन खऱ्या अर्थाने बिनतारी झाला.

माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, की पहिल्यांदा हँडसेट पंधरा-सोळा तास सलग चार्जिंगला ठेवावा. तुम्ही पाचव्या मिनिटाला उचला आणि मावशीला लावा. 'ओळख बघू, मी कुठून बोलतेय? ओट्यापाशी उभी आहे!' मावशी कौतुक करायला तोंड उघडेल, तेवढ्यात हँडसेट टुक् करून मान टाकेल. मग भिंतीवरच्या घड्याळातले दोन सेल काढून त्यात घाला. आतले मूळ सेल १.२ व्होल्टचे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे असतात आणि घड्याळातले तसे नसतात, हे सांगणाऱ्या भाच्याकडे लक्ष देऊ नका. महिन्याभरात ते सेल गळून स्प्रिंगांवर पांढरी साय धरली की दुसरा हँडसेट आणायला आयतं निमित्त मिळतं.

फोन घेण्याची रीत मात्र नीट समजून घ्या. रिंग वाजताना हँडसेट बेसवर असेल, तर बऱ्याच फोनांत तो नुसता उचलला की पुरतं. पण आपल्याला नुसत्या उचलण्याने समाधान होत नाही. बटण आहे म्हणजे ते दाबण्यासाठीच असणार. आमच्या हँडसेटला घ्यायला आणि बंद करायला एकच हिरवं बटण होतं. आमचे अण्णा उचलायचे, मग शांतपणे ते बटण दाबायचे, आणि मग 'हॅलो' म्हणायचे. पलीकडून टूं टूं टूं. 'ठेवला हिने,' म्हणून अण्णा हँडसेट बेसवर ठेवायचे. पुन्हा रिंग, पुन्हा उचलणं, बटण, हॅलो. चौथ्या खेपेनंतर नगरच्या आत्याने शेजाऱ्यांकडे फोन करून विचारलं, 'दादाचं माझ्यावर काही बिनसलंय का?' इकडे अण्णा आईला विचारत होते, 'हिचं माझ्यावर काही बिनसलंय का?' भाऊबीजेपर्यंत अबोला होता. भांडण वाडवडलांच्या जमिनीवरून नसून एका हिरव्या बटणावरून आहे, हे दोघांनाही शेवटपर्यंत पटलं नाही. पटावं तरी कसं? जमिनीवरून निदान भांडायला जमीन होती.

फोन लावायचा तर आधी अख्खा नंबर दाबायचा आणि मग बटण, असंही चालतं. चुकलेला आकडा तेवढ्यात खोडता येतो. पण डायल टोन कानी पडल्याशिवाय नंबर 'फिरवायचा' नाही ही ज्यांची शिस्त, त्यांनी आधी बटण दाबून, चष्मा शोधून, डायरी उघडून, एकेका आकड्याला वेळ द्यावा. तिसऱ्या आकड्यापर्यंत डायल टोनचा धीर सुटलेला असतो. मोबाइलला लावायचा असेल तर आधी शून्य हवं. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला असंच लावावं लागतं. म्हणून तुम्ही शून्य लावू नका. लाइनमध्येच काहीतरी खोट आहे, हे येईल त्याला सांगत राहा.

अंतराचं म्हणाल तर कागदोपत्री हँडसेट घरात ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटर चालतो. उघड्यावर म्हणजे माळरानावर. तुमच्या घरात मध्ये सिमेंटच्या भिंती आहेत, शिवाय बेस नेमका लोखंडी कपाटाच्या मागे, कारण शोकेसमध्ये तो शोभत नाही. त्यामुळे आपली हद्द मागच्या खोलीच्या उंबरठ्याला संपते. ती महत्त्वाच्या बोलण्याच्या वेळीच तपासावी. 'मुलीकडच्यांना सांगा, आम्हाला देण्याघेण्याचं काही नको, फक्त...' एवढं बोलून उंबरठा ओलांडा. हँडसेट बीप करेल आणि बोलणं तुटेल. तो 'फक्त' पलीकडच्या घराला पुढचे आठ दिवस पुरतो.

हँडसेट हरवणं हा तर या यंत्राचा मुख्य उपयोग. जुना फोन कधी हरवला होता? क्रोशाचं कव्हर घालून टीपॉयवर मांडी ठोकून बसलेला असायचा, गरज असेल त्याने त्याच्याकडे जायचं. आता बेसवरचं बटण दाबायचं, की हँडसेट असेल तिथून ओरडतो. अट एकच, त्याच्यात चार्जिंग शिल्लक हवं. आणि जो हरवला तो चार्जिंगला नव्हता म्हणूनच हरवला. तरी दाबा. पंखे बंद करा, मिक्सर थांबवा, कुकरखालचा गॅस मंद करा, आणि सगळ्यांनी मान तिरपी करून उभं राहा. परवा आमच्याकडे बारीक किरकिर ऐकू आली ती तांदळाच्या डब्यातून. सूनबाई बोलता बोलता तांदूळ काढत होती. वाटी ओट्यावर राहिली, हँडसेट डब्यात गेला. बोरिक पावडर लागल्यामुळे त्याला निदान कीड तरी लागणार नाही.

लाइट जाते तेव्हा गंमत वाढते. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज यायची. घरात मिट्ट काळोख असला तरी फोन चालू असायचा. आपला बेस मात्र घरच्या विजेवर जगतो. ती गेली की हातातल्या हँडसेटचा पडदा उजळलेला दिसतो, पण त्याला पलीकडे कोणीच नसतं. अशा वेळी माळ्यावरचा जुना फोन काढून लावा. तुमच्याकडे फायबर आलं असेल तर तेही नको, मोडेम झोपला की जुना फोनही झोपतो. मेणबत्ती लावा.

एक गोष्ट राहिलीच. जुन्या फोनशेजारी सुतळीने बांधलेलं बॉलपेन असायचं, आठवतंय? कुणी पळवू नये म्हणून टीपॉयच्या पायाला गाठ मारलेलं. ते तुम्ही अजून सोडलेलं नाही. तेव्हा ओट्यापाशी उभं राहून ऐटीत बोलत असताना मावशी म्हणेल, 'थांब, डॉक्टरांचा नंबर देते, लिहून घे.' कणकेचा हात तसाच वर धरून, हँडसेट मान आणि खांद्यात दाबून हॉलमध्ये या. टीपॉयशेजारी वाका. सुतळी आखूड आहे, तेव्हा खालीच बसा. हं, सांग आता. नव्वद...