‘रिकाम्या’ स्कॅनच्या बिलाबद्दल

नमस्कार मॅडम,

एक स्टार दिलात आणि तक्रारी तीन लिहिल्यात: ट्यूमरमध्ये डाय दिसलाच नाही, डाय न देता केलेल्या ‘रिकाम्या’ स्कॅनचे पैसे लावले, आणि उंदरांचे केस काढले. वेर्ण्याला आमच्याकडे फोटोअकूस्टिक स्कॅनसाठी (लेसर टाकून अल्ट्रासाउंड टिपायचा स्कॅन) येणारे बाकीचेही हेच विचारतात, म्हणून इथेच लिहितो.

आधी डाय. तुमचा आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन हा डाय) सुटा होता, अँटिबॉडीला किंवा नॅनोकणाला जोडलेला नव्हता. शिरेतून दिला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृत त्याला पित्तात सोडून देतं. उंदराच्या रक्तातला निम्मा डाय काही मिनिटांतच जातो. म्हणूनच प्रोटोकॉल लिहिताना, टोचल्या टोचल्या स्कॅन सुरू करा, असं आम्ही सुचवलं होतं. तुम्ही २४ तासांनंतरचाच ठेवलात, आणि एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या कागदाबाहेर आम्ही जात नाही. मोठा डोस देऊन दुसऱ्या दिवशी ट्यूमर बघणारे आहेत, पण तुमचा डोस तसा नव्हता.

‘रिकामा’ स्कॅन मात्र मी गाळणार नाही, फुकटही करणार नाही. लेसरचा नॅनोसेकंदांचा झोत आत गेला की जे जे प्रकाश शोषतं ते किंचित तापून फुगतं, आणि त्यातून उठणारा अल्ट्रासाउंड आपण टिपतो. शोषणारा एकटा तुमचा डाय थोडाच असतो! प्लाझ्मातला आयसीजी ८०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त शोषतो. तिथे हिमोग्लोबिनही शोषतं, ऑक्सिजनसह असो वा त्याविना, जवळपास सारखंच. आधीचं चित्रच नसेल तर उजळलेला ठिपका डायचा की रक्ताचा, हे कशावरून ठरवायचं? पेपर तपासणारा तर पहिल्याच फेरीत विचारील.

केसांचं म्हणाल तर तुमचे उंदीर काळे. केसांतलं मेलॅनिन प्रकाश वरच्यावर गिळतं आणि केसांत अडकलेली हवा अल्ट्रासाउंड अडवते. क्रीम लावा, कोमट पाण्याने पुसा, जेल घाला, मग एकेक बुडबुडा बोटाने बाजूला सारा. आमच्या मुलांचा निम्मा वेळ यातच जातो. पुढच्या वेळी पांढरे किंवा बिनकेसांचे उंदीर चालतात का बघा.

बिल कमी होणार नाही. पण कच्चा डेटा आम्ही जपून ठेवला आहे. त्याचं अनमिक्सिंग, म्हणजे डायचा आणि रक्ताचा सिग्नल वेगळा करणं, तुमच्यासमोर पुन्हा करून देतो, त्याचे पैसे नकोत. चवथ झाली की या. येताना हार्ड डिस्क आणा, एवढ्या फाइली मेलने जात नाहीत.