जो अजून गेटवर आलेला नाही, त्याचा पगार

येत्या त्रैवार्षिक करारात नव्याने भरती होणाऱ्या कामगारांसाठी कमी वेतनाची स्वतंत्र श्रेणी असावी, असा प्रस्ताव आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापनाने युनियनसमोर ठेवला आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत गेली 21 वर्षे मी मशीन शॉपमध्ये गाड्यांच्या इंजिनांचे भाग बनवतो आणि या वेळी वाटाघाटी समितीत आहे. समितीतील बहुतेकांचा कल होकाराकडे आहे, कारण आज कामावर असलेल्या कोणाच्याही पगाराला त्यामुळे धक्का लागत नाही. माझा या कलमाला ठाम विरोध आहे. रविवारच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटेच मिळतात, म्हणून माझी भूमिका येथे सविस्तर मांडतो.

युनियनने कधीच काही सोडू नये, असे मी मानत नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आमच्यासारख्या पुरवठादारांकडून दरवर्षी दर कमी करून मागतात आणि ऑर्डर घटली की तिसरी पाळी बंद होते, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रश्न एवढाच आहे की आपण काय सोडतो, किती काळासाठी सोडतो आणि कोणाच्या खिशातून सोडतो.

सोलापुरात तयार झालेल्या कॅमशाफ्ट जनरल मोटर्स आणि फोर्डच्या इंजिनांत जातात, त्यामुळे अमेरिकेतील वाहन कामगारांचा अनुभव आपल्याला परका नाही. 1979 साली क्रायस्लर बुडायला आली तेव्हा तेथील युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनने वेतनवाढ सोडली. अमेरिकी सरकारने त्याच वेळी दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर 1980 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि 1983 मध्ये ते कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फेडले गेले. त्या वेळच्या कामगारांनी स्वतःच्या ताटातले काढून दिले होते आणि त्या बदल्यात निर्णयाच्या टेबलावर एक खुर्ची मिळवली होती.

याच युनियनचा 2007 चा करार मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यात जुन्या कामगाराचा ताशी सुमारे 28 डॉलरचा दर कायम राहिला आणि नव्या भरतीला त्याच्या जवळपास निम्मा, म्हणजे 14 डॉलरच्या आसपास दर ठरला. पुढे एकाच असेंब्ली लाइनवर, एकच बोल्ट आवळणारे दोन कामगार दोन वेगळ्या पगारांवर उभे राहिले. ज्यांच्या पगाराला कात्री लागली, त्यांच्यापैकी कोणीही त्या करारावर मत दिलेले नव्हते.

तरीही 2008 च्या मंदीत दोष कामगारांवरच आला. जनरल मोटर्सचा कामगार ताशी 70 डॉलर घेतो, असा आकडा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या चर्चेत फिरत होता. तो आकडा कोणाच्याही पगाराचा नव्हता. निवृत्त कामगारांचे पेन्शन आणि औषधोपचार यांचा सगळा खर्च त्यात मिळवून, कामावर असलेल्यांच्या तासांनी त्याला भागले होते. गाडीच्या एकूण खर्चात कामगारखर्चाचा वाटा तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास धरला जात असे. 2009 च्या दिवाळखोरीत महागाईनुसार होणारी वाढही थांबवली गेली. ती परत मिळवण्यासाठी आणि वेतनाच्या श्रेणी मोडून काढण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस (पूर्वीची क्रायस्लर) या तीनही मोठ्या कंपन्यांत संप करावा लागला. सवलत तात्पुरती म्हणून गेली आणि परत यायला 14 वर्षे लागली.

हिशेबाच्या बाबतीत आपणही सावध राहिले पाहिजे. व्यवस्थापनाने दाखवलेल्या तक्त्यात मजुरीची टक्केवारी वाढलेली दिसते, पण कंत्राटदाराचे बिल त्यात कोणत्या खात्यात टाकले आहे, हे मी दोनदा विचारूनही समजलेले नाही. भट्टीची वीज, टूलिंग, नाकारलेला माल आणि कर्जावरील व्याज यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय केवळ मजुरीवर चर्चा करणे मला मान्य नाही.

माझे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत साचेवाले होते. गिरणी वाचावी म्हणून त्यांच्या खात्यातील सर्वांनी महागाई भत्त्याचा काही भाग सोडला होता. तो केव्हा परत मिळेल, हे कोठेही लिहिलेले नव्हते. पुढे भोंगा बंद झाला आणि त्या रकमेवर दावा सांगायला त्यांच्या हातात कागद नव्हता. माझा पुतण्या आज चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून कायम कामगाराच्या शेजारी उभा राहून तेच काम करतो, पण त्याला पगार मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तो युनियनचा सभासद होऊ शकत नाही आणि युनियनविषयी त्याला आपुलकीही वाटत नाही. आपल्या कारखान्यात स्वतंत्र श्रेणी आली तर दहा वर्षांनी कमी पगाराचे सभासद बहुसंख्य होतील. तेव्हा आपल्या ग्रॅच्युइटीसाठी आणि आपल्या वाढीसाठी त्यांनी आपल्याबरोबर गेटवर का उभे राहावे?

काही सहकारी म्हणतात की तीन वर्षांनी करार संपला की ही श्रेणीही संपेल. तसे आपोआप होत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 19 ने घालून दिलेली रीत अशी की, मुदत संपली तरी करार मोडण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो बंधनकारक राहतो. व्यवहारात पुढचा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालतात आणि पुढच्या वाटाघाटीची सुरुवातही तेथूनच होते.

म्हणून माझा पर्यायी प्रस्ताव असा आहे. पहिल्या वर्षाची वेतनवाढ आपण कायम कामगारांनी, माझ्यासह, बारा महिने पुढे ढकलावी. ती कोणत्या तारखेला आणि किती हप्त्यांत मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. दर तिमाहीला ऑर्डरचे आणि खर्चाचे आकडे समितीला दाखवावेत. नव्या भरतीला मूळ श्रेणीच लागू राहावी. मला या वर्षी मुलीच्या तंत्रनिकेतनची फी भरायची आहे, त्यामुळे वाढ लांबवणे मलाही जड जाणार आहे, तरी मी त्यावर सही करीन.

ज्यांच्याकडे 2004 पासूनच्या आपल्या जुन्या करारांच्या प्रती असतील त्यांनी त्या रविवारी घेऊन याव्यात. मागच्या वेळी पुढे ढकललेला भत्ता कोणत्या महिन्यात जमा झाला, हे मला पगारपत्रकांशी ताडून पाहायचे आहे.