दलालीचा आरोप आणि जुनं पिस्तूल: 'करवीरकर' यांना उत्तर

करवीरकर साहेब,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आता झोपा, सकाळी काय लिहायचं ते लिहा. त्यामुळे हे त्यातल्या त्यात सौम्य आहे असं समजा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धेला उतरणाऱ्या नेमबाजाने पहिलं स्वतःचं पॉइंट टू-टू (.२२ कॅलिबरचं) पिस्तूल नवं घ्यावं की वापरलेलं, यावर मी लिहिलं होतं. माहितीतल्या माणसाचं, नीट तपासलेलं जुनं घ्या आणि वाचलेले पैसे काडतुसांत घाला, असं माझं म्हणणं. त्यावर करवीरकर लिहितात: "काका, तुमचा जमाना गेला. जुनं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे मोजून घरी आणणं. बोल्टला बारीक तडा असला तर तुमच्या डोळ्यांना दिसणार आहे का? सुटे भाग कुठून आणणार? वॉरंटीचं काय? कोल्हापुरात हल्ली प्रत्येकालाच आपण स्वप्नील कुसाळे झाल्यासारखं वाटतंय. पोरांच्या आई-बापांना असले सल्ले देऊन जुन्या मालाची दलाली करता काय?"

शेवटापासून सुरुवात करतो, कारण लागलं ते तिथे.

दलाली. साहेब, या धंद्यात दलाली करायला माणूस वेडा तरी पाहिजे नाहीतर फार निवांत तरी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यावर ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यावर ते शस्त्र बसलं पाहिजे, बॉडीवरचा नंबर कागदाशी जुळला पाहिजे. एवढ्या हेलपाट्यांत मध्ये बसून कमिशन खाण्यापेक्षा मी गुळाच्या सौद्यात उभा राहिलो असतो. आजवर ज्या ज्या पोराबरोबर पिस्तूल बघायला गेलो, तिथे चहाशिवाय काही घेतलेलं नाही. काही ठिकाणी तोही मिळाला नाही.

आणि स्वप्नीलला यात कशाला ओढलंत? कांबळवाडीच्या या पोराने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. रायफलमध्ये! आपला विषय पिस्तुलाचा आहे. टोमणाच मारायचा होता तर राही सरनोबतचं नाव घ्यायचं होतं. २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ ला जकार्ता-पालेंबांगच्या एशियन गेम्समध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण तिने आणलं, आणि तीही आपल्या कोल्हापूरचीच. टोमणा मारताना निदान इव्हेंट तरी बरोबर धरावा माणसाने.

असो. 'काका' म्हणालात त्याचं काही नाही. वय झालंच आहे.

आता ते दुखण्याचं वाक्य. हे एकच वाक्य तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

जुन्या पिस्तुलात दुखणं असू शकतं, हे मी कधी नाकारलं? माझा सगळा लेखच ते कसं ओळखायचं यावर होता. पण दुखणं कशात असतं हे तरी बघा. लोक पहिला प्रश्न विचारतात, "बॅरल (नळी) किती वापरलीय?" पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, दाब कमी. नेमाने साफ ठेवलेली बॅरल हजारो राउंडनंतरही कागदावर तितकीच घट्ट मारते. बॅरलची वाट लागते ती बहुधा गंजाने. आपल्याकडे जून-जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी धरते, तिथे तेल न लावता फोमच्या पेटीत ठेवलेल्या पिस्तुलाचं काय होत असेल? म्हणून टॉर्च मारून आत बघायचं, पांढऱ्या कापडाचा पॅच फिरवायचा आणि तो तांबूस निघाला तर नमस्कार करून घरी यायचं.

खरं दुखणं असतं चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला त्याच्या काठात असतो, त्यामुळे फायरिंग पिन काठावर आपटते. आत ना काडतूस ना प्लग, अशा वेळी कुणी ट्रिगर ओढत बसला, तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे पोचा पडतो. मग पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, सुखासुखी बाहेर येत नाही. दुसरं दुखणं मॅगझिनच्या ओठांत. पडून वाकलेले असले की राउंड तिरका चढतो. तिसरं म्हणजे थकलेली स्प्रिंग आणि बोल्टमागचा (मागेपुढे सरकणाऱ्या भागामागचा) धक्का झेलणारा बफर. स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनवलेल्या पिस्तुलात जास्त वेगाची हाय व्हेलॉसिटी काडतुसं कोंबत राहिलं की हे भाग लवकर मार खातात. चौथं, ट्रिगर. मालकाने स्वतःच कानस मारून हलका केलेला असतो आणि मग स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) १००० ग्रॅमचं वजन उचलत नाही. बॅरल उभी धरून ट्रिगरला वजन लटकवायचं, यात कसली विद्या आहे? आपल्याकडे म्हैस घेणारा माणूस आधी धार काढून बघतो, पिस्तूल घेणाऱ्याने मात्र डोळे मिटून पैसे मोजावेत असं कुठे लिहिलंय?

माझं पहिलं पिस्तूल वॉल्थर जीएसपी. वापरलेलं. ज्यांच्याकडून घेतलं ते शाहूपुरीतले एक ज्येष्ठ नेमबाज, आता हयात नाहीत. त्यांनी मला पिस्तुलाआधी पुंगळ्या दाखवल्या. आदल्या दिवशी रेंजवर मारलेल्या पाच रिकाम्या पुंगळ्या टेबलावर पेपर पसरून त्यावर ओळीने उभ्या केल्या, काठ वर. म्हणाले, बघ. पाचही काठांवर पिनेचा खड्डा एकाच खोलीचा, एकाच आकाराचा. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) धरल्याचा बारीक ओरखडा पाचही ठिकाणी त्या खड्ड्यापासून तेवढ्याच अंतरावर. पुंगळीच्या अंगावर कुठे उभी रेघ नाही, फुगवटा नाही. मग जीएसपीचं ट्रिगर युनिट अख्खं काढून माझ्या तळहातावर ठेवलं, त्यावर धुळीचा कण नव्हता. कुठली काडतुसं मारली, स्प्रिंग कधी बदलली, हे सगळं वहीत लिहिलेलं. ती वही पिस्तुलाबरोबरच दिली. दुसऱ्याचं दुखणं म्हणता ते असं वहीत लिहून मिळत असेल तर मी आजही दोन घ्यायला तयार आहे.

त्या पिस्तुलावर मी स्टेटला गेलो. ते अडलं नाही असं म्हणणार नाही, पण अडलं ते माझ्या आळसाने, चेंबर साफ न केल्याने.

आता नव्याची गोष्ट ऐका. रेंजवरच्या माझ्या एका मित्राने कोरं इटालियन पिस्तूल मागवलं. आयात परवाना, कस्टम, कागदपत्रं यांतच त्याचा सगळा हंगाम गेला. आलं तेव्हा पेढे वाटले. रॅपिडची प्रॅक्टिस सुरू झाली आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत आडवी अडकून उभी राहायला लागली. तुम्ही पंचवीस मीटर मारत असाल तर तुम्हाला माहीतच असेल, नसाल तर सांगतो: रॅपिडमध्ये हिरवा दिवा तीन सेकंद, मग लाल दिवा सात सेकंद, असं पाच वेळा. प्रत्येक हिरव्याला हात खालून वर आणून एकच गोळी. दोन गोळ्यांमध्ये पिस्तुलाने स्वतःच पुंगळी फेकून पुढचा राउंड चढवायचा. स्टँडर्ड पिस्तूल या दुसऱ्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात तर पाचच्या पाच गोळ्या दहा सेकंदांत. तिथे पिस्तूल अडलं की नेमबाजाचं डोकंही अडतं. मित्राने विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, काडतूस बदला. बदललं. मग म्हणाले, अजून सेट व्हायचंय, मारत राहा. अखेर एका जाणत्या माणसाने मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर बघून काम केलं तेव्हा ते सरळ झालं. आज झकास चालतं. पण ते सेट करण्यात जी काडतुसं गेली त्यांचे पैसे त्याचेच, तुमच्या वॉरंटीचे नव्हेत. वापरलेलं चांगलं पिस्तूल आधीच्या मालकाने सेट करून दिलेलं असतं, इतकंच मी म्हणत होतो.

वॉरंटीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

सुट्या भागांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. हॅमर्ली २०८ सारखी उत्पादन बंद झालेली मॉडेलं घेताना फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग आणि निदान एक जादा मॅगझिन मालकाकडूनच मागून घ्यावं, हे वाक्य लेखात हवं होतं. आज घालतो. मी काही हटवादी नाही.

बोल्टच्या तड्याचं विचारलंत. भिंग मिळतं बाजारात.

राहता राहिलं माझ्या डोळ्यांचं. चष्मा आहे, नंबर वाढलाय, आणि तरीही मागची साइट आणि पुढची साइट यांच्यातली पांढरी फट दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही हे मला दिसतं. तुम्हाला शंका असेल तर रविवारी सकाळी दुधाळीच्या रेंजवर या. खोट्या नावाने नाही, खऱ्या नावाने. तुमचं पिस्तूल आणा, नवं असलं तरी चालेल. मी माझं आणतो. प्रिसिजनची (सावकाश नेम धरून मारायची) एक सीरिज, पाच गोळ्या, पाच मिनिटं. रॅपिडला बोलावत नाही, माझा खांदा आता तेवढा साथ देत नाही आणि तुम्ही लगेच त्यावरही लिहाल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त 'दलाली'चं वाक्य तुम्ही स्वतः काढलंत तर बरं होईल, कारण हे पान माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचे आई-वडीलही वाचतात. नाही काढलंत तरी काही बिघडत नाही, त्याच्या खालीच हे उत्तर राहील.

इचलकरंजीच्या ज्या ताईंनी मुलीच्या हाताला ग्रिप मोठी होते म्हणून विचारलं होतं, त्यांचं उत्तर या सगळ्या भानगडीत राहून गेलं. ताई, ग्रिप कापू नका. आधी अंगठ्याखालचा लाकडाचा उंचवटा किती घासता येतो ते बघू. मुलीच्या हाताचा फोटो पाठवा, तळहात आणि बाजूने, दोन्ही.