आजोबा अजून सातबाऱ्यावर आहेत

गणपतीला गावी गेलो की एक विषय हमखास निघतो आणि आरतीची वेळ झाली म्हणून तसाच राहतो. सातबारा. देवगड तालुक्यातली आमची आंब्याची कलमं अजून आजोबांच्या नावावर आहेत. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. चार मुलगे, तीन मुली. त्यातले चौघे आता नाहीत. गेल्या वर्षी वहीत वंशावळ मांडायला बसलो, वारस निघाले एकतीस. एक चुलतभाऊ कुठे असतो हेच कुणाला ठाऊक नाही.

खरं तर काम फार नव्हतं. माणूस गेला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं 1966 ची जमीन महसूल संहिता सांगते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. सहा-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, वारस लागतात, मग फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद, 15 दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आता तर ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज होतो. 2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीमच काढली, म्हणजे हे दुखणं काही आमच्याच घरचं नाही. पण आमचे थोरले काका म्हणाले होते, ‘वाटप झालं की एकदमच नावं लावू.’ वाटप झालं नाही, काका गेले. आता फळबाग योजनेसाठी हिस्सेदारांची संमती गोळा करायची तर आधी विरार, मग बडोदा.

आणि आत्या. गौरीला माहेरी येतात, तेव्हा त्यांच्यापुढे हक्कसोडाचा कागद ठेवायचा ही आमच्याकडची जुनी युक्ती. मला ती चोरीच वाटते, कुणाला राग आला तर येऊ दे. 1956 च्या वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस आहेच, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा दिला. स्वखुशीने सोडायचा तर सोडू दे, पण तो कागद निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ओवशाच्या, म्हणजे गौरीपुढच्या वाणाच्या, सुपाबरोबर घाईत घेतलेल्या सहीला काय अर्थ?

या मे महिन्यात बाबांकडे मृत्युपत्राचं काढलं. बाबा खळ्यात काजू सोलत होते. ‘माका आत्ताच पोचवतस काय रे?’

बक्षीसपत्र, म्हणजे जिवंतपणीच घर देऊन टाकणं, नको, हे मीच म्हटलं. मुलांना दिलं तर मुद्रांक फक्त 200 रुपये, हे खरं. पण ते नोंदलं की घर त्याच दिवशी बाबांचं राहत नाही. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही आणि त्यांच्याही सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करणार, कारण आमची भावकी मला माहीत आहे. आजोबांच्या जमिनीत मात्र बाबा आपल्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतात. म्हणून आधी एकतीस नावं लावायची, त्याला पर्याय नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काजूच्या चिकाने काळे झालेले हात पुसत म्हणाले, ‘लिव. पण मांगराकडची चार कलमा ताईच्या नावान घाल.’