बैलाच्या चालीनं मांडलेलं खोरं

दर रविवारी पहाटे पुण्याकडचे सायकलवाले वाईतून पसरणीच्या घाटाकडे जातात. माहेरी असले की मी त्यांना ओट्यावरून बघते. घाट चढून पाचगणी गाठतात, टेबललँडवर फोटो काढतात, उतरतात आणि दुपारच्या आत परतीला लागतात. मला त्यांचं कौतुक आहे. तो घाट मीही चढलेय, पिंढऱ्या काय म्हणतात ते ठाऊक आहे. पण इतक्या लांब येऊन ही माणसं कृष्णेचं खोरं न बघताच परत जातात याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

माझे अण्णा ऑइल इंजिनं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. चोवीस इंची सायकल, कॅरियरला पान्यांची पिशवी, हँडलला डबा. वर धोमपर्यंत आणि खाली लिंबापर्यंत त्यांची गिऱ्हाइकं. त्यांना गावं विहिरींवरून आठवायची: अमक्याची विहीर गोड पाण्याची, तमक्याची मार्चमध्ये तळ दाखवणारी. ते एकदा म्हणाले होते, "ह्या खोऱ्यातलं सगळं बैलाच्या चालीनं मांडलंय गं. माणूस दमला की पार येतो, बैल तहानला की पाणी येतं." तेव्हा मी शाळेत होते, ऐकून सोडून दिलं. चाळिशीत पुन्हा सायकल हातात घेतली आणि पहिल्याच फेरीत ते वाक्य आठवलं. गाडीतून जाताना घाट, देऊळ, वड, विहीर हे सगळं एकमेकांवर आदळत मागं पडतं. सायकलवरून गेलं की त्यांच्यातलं अंतर कळतं, आणि हे अंतर कुणीतरी विचार करून ठेवलंय हेही कळतं.

सुरुवात वाईच्या गणपती घाटावरून करा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. सगळे मूर्तीचा फोटो काढतात. तुम्ही सायकल लावून देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. नदीच्या पात्राशी देऊळ बांधायचं आणि पुराला वाटही द्यायची, असा विचार करणारे गवंडी इथं होते. वाईत घाटही एक नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात आळ्या, आणि माघापासून प्रत्येक घाटावर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून तो सुरू झाला असं घराघरात सांगतात. त्या दिवसांत आलात तर आधी प्रसाद घ्या, मग पुढं निघा.

पहिली वाट वरच्या अंगाची: वाई, मेणवली, धोम. नवख्यानं, लहान मुलांना घेऊन आलेल्यानं हीच धरावी. मेणवली तीनेक किलोमीटरवर. १७६८ मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं. त्यांचा सहा चौकी वाडा अजून उभा आहे. वाड्यामागून उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट लागतो. तिथल्या छोट्या देवळीत टांगलेली भलीमोठी घंटा मुलांना जरूर दाखवा. तिच्यावर १७०७ साल कोरलंय आणि मेरी व बाळ येशूची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतली ही घंटा. चर्चमध्ये वाजलेली घंटा आज महादेवासमोर आहे, आणि तिच्याखाली गावातल्या बायका धुणं धुतात.

मेणवलीपासून धोमपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, आणि तो अरुंद आहे म्हणूनच तिथं जावंसं वाटतं. एका बाजूला ऊस नाहीतर हळद, मधूनमधून नदीची चमक, समोर डोंगराची भिंत. धोमच्या महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय, आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात आहे. कुंड पाण्यानं भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. माझी भाची सहा वर्षांची असताना त्या कुंडापाशी अर्धा तास बसून राहिली होती. निघायचं नाव काढू देईना. गाडीनं गेलो असतो तर खाली ड्रायव्हर ताटकळलाय म्हणून आम्ही तिला ओढून नेलं असतं.

पुढं धोम धरणाच्या कडेकडेनं वासोळ्याकडे जाता येतं. तिथून कमळगड दिसतो. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या शेतांचे बांध उघडे पडतात. तिथं थांबलात तर आवाज कमी ठेवा. त्या जमिनी सोडून गेलेल्यांची नातवंडं अजून आसपास आहेत. आणखी वर, बलकवडीच्या पलीकडे जोर आहे. ते सरावलेल्यांचं काम, आणि पावसाळ्यात कुणाचंच नाही. जुलै २०२१ मध्ये या भागात दरडी कोसळून माणसं गेली आहेत. धबधबे बघायला म्हणून तिकडे चाकं वळवू नका.

दुसरी वाट खालच्या अंगाची: वाईहून बावधन फाटा, पाचवड, लिंब, गोवे, माहुली. ४० किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात आरामात होते. बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला टांगून नेणारा लाकडी गाडा, रंगपंचमीला असतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलांनी ओढत गावात आणतात. त्या दिवशी रस्ता बैलांचा आणि माणसांचा, सायकल घेऊन मध्ये शिरू नका. पाचवडनंतर लिंब फाट्यापर्यंत महामार्गाच्या कडेचा सेवारस्ता धरावा लागतो. हा तुकडा वाईट आहे: धूळ, उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली, सावली नाही. मान खाली घालून उरकायचा.

लिंबाच्या फाट्याला आत वळलं की मात्र सगळं बदलतं. मला या अख्ख्या खोऱ्यातली एकच जागा निवडायला सांगितली तर मी बारा मोटेची विहीर निवडेन. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली, ३३०० आंब्यांच्या आमराईला पाणी द्यायला. वरून बघितलं तर आकार शिवपिंडीसारखा. रुंद पायऱ्यांनी उतरायचं, दारातून आत शिरायचं, की गारवा अंगावर येतो. मुख्य विहीर अष्टकोनी, खोली ११० फूट. आणि पाण्याच्या वर चक्क महाल! दगडी खांबांचा, कोरीवकामाचा. एका वेळी बारा मोटा चालायच्या. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी.

अण्णांनी मला तिथं नेलं तेव्हा महालाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. ते मला वर घेऊन गेले आणि मोटांच्या जागा दाखवल्या. बैल धावेवरून उतारानं जातात, नाडा ताणतो, मोट वर येते; थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात, मोटेची सोंड मोकळी होते, पाणी पाटाला लागतं; बैल मागं मागं येतात, मोट पुन्हा खाली. उतार जास्त झाला तर बैलाचे गुडघे जातात, कमी झाला तर मोट जड लागते. आयुष्यभर पंप उघडून बसलेला माझा बाप तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम बघून गप्प झाला होता. नंतर हळूच म्हणाला, "बैलाचा जीव धरून बांधलंय."

या विहिरीत उड्या मारणाऱ्या, कठड्यावर नावं कोरणाऱ्या पोरांना मी दरवेळी हटकते आणि हटकत राहणार. तुम्हीही हटका.

लिंबाजवळच गोवे. कृष्णेच्या पात्रात कोटेश्वराचं देऊळ, दोन्ही काठांना घाट. डबा इथं खा. मग गावागावांतून वाट विचारत माहुली. वेण्णा कृष्णेला मिळते ती ही जागा. एका काठाला संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ साली बांधलं. छत्रपती शाहू महाराजांची समाधी इथंच आहे. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात.

आता मला जे म्हणायचंय ते. हल्ली पर्यटन वाढवायचं म्हटलं की पहिला प्रस्ताव रस्ता रुंद करायचा येतो. सुरूर ते वाई रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत. एप्रिलच्या दुपारी त्या सावलीतून सायकल चालवली नसेल तर एकदा चालवून बघा, आणि मग सांगा की ती झाडं अडथळा आहेत. महामार्गाला रुंदी लागते, मान्य. ऊस कारखान्यात पोचायला हवा, रुग्णवाहिका वेळेत यायला हवी, हेही मान्य. पण मेणवली-धोम किंवा लिंब-गोवे अशा गावरस्त्यांची रुंदी वाढली की गाड्यांचा वेग वाढणार आणि झाडं जाणार. मागच्या थंडीत अशाच एका रस्त्यावर एका पर्यटकाच्या गाडीनं माझ्या भाचीला कडेच्या चरात ढकललं. हात फ्रॅक्चर. गाडी थांबलीही नाही. आता वीस वर्षांची असलेली ती मुलगी प्लॅस्टर निघाल्यावर मला म्हणाली, "मावशी, मी पुन्हा येईन, पण त्या रस्त्यानं नको." धोमचा रस्ता नको म्हणणारी ही तीच, नंदीपाशी अर्धा तास बसलेली! मला फार लागलं ते.

मला पेव्हर ब्लॉकचा सायकल ट्रॅक नको आहे. रंगीत कमानी नकोत, सेल्फी पॉइंट नकोत. खड्डे बुजवा. गावात शिरताना गाड्यांचा वेग कमी होईल असे गतिरोधक, पांढरे पट्टे मारलेले. गाळपाच्या हंगामात उसाच्या प्रत्येक ट्रॉलीमागं रिफ्लेक्टर. तिन्हीसांजेला विनालाइटची ट्रॉली पुढं आली की काळजाचा ठोका चुकतो, आणि मरतात ते बहुतेक करून मोटारसायकलवरचे गावातलेच लोक. वड मेला तिथं वड लावा, गुलमोहर नको. पारावर पिण्याच्या पाण्याचा एक नळ. ग्रामपंचायतीला झेपेल एवढंच मागतेय. वाई आणि सातारा तालुक्यातले सदस्य, सरपंच माझ्या यादीत आहेत. त्यांनी याखाली लिहावं, मी ग्रामसभेला येऊन बोलायला तयार आहे.

येणाऱ्यांसाठी: डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीनंतर शेतांत काहिलीवर हळद शिजत असते, तो वास लांबूनच येतो. थांबून विचारलंत तर कुणीही शिजलेलं हळकुंड मोडून आतला रंग दाखवतं. पंक्चरचं सामान जवळ ठेवा, काठानं बाभळीचे काटे असतात. घाटावर चप्पल-बूट काढा, साबण पाण्यात नेऊ नका.

भाची येत्या रविवारी येतेय. सकाळी साडेसहाला गणपती घाटावरून निघून आम्ही लिंबापर्यंत जाणार, सावकाश, थांबत थांबत. कुणाला यायचं असेल तर खाली सांगा. भाकरी-पिठलं माझ्याकडून.